सामूहिक वनहक्क: दाव्यापासून तेंदू-बांबूच्या व्यवहारापर्यंत गावाचं दप्तर

वैनगंगाकाठ

वनहक्क कायद्यावर इथे आजवर झालेली चर्चा बहुतेक वैयक्तिक दाव्यांची, म्हणजे कसत असलेल्या जमिनीची होती. हा धागा सामूहिक हक्कांसाठी, म्हणजे अख्ख्या गावाच्या जंगलावरच्या हक्कांसाठी. वनहक्क समितीचे सचिव, बचत गटातल्या बाया, गावात काम करणाऱ्या छोट्या संस्थांचे कार्यकर्ते, यांना कागद पुढ्यात ठेवून काम करता येईल असं लिहूया. ज्यांना जो भाग पक्का माहीत आहे त्यांनी तो भरावा.

कायदा २००६ चा, अंमल ३१ डिसेंबर २००७ पासून. नियम २००८ चे, आणि ६ सप्टेंबर २०१२ ला त्यात मोठी दुरुस्ती झाली. जुनी पुस्तिका वापरत असाल तर आधी बदला, कारण कोरम, समितीतला अनुसूचित जमातीचा वाटा, वाहतूक परवाना हे सगळं दुरुस्तीत बदललं आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक हक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला १,८०९ हेक्टर जंगल आलं. तरी बांबू विकायला लागणारं वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं ते २७ एप्रिल २०११ ला, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. मधला सगळा काळ वनखात्याचं म्हणणं एकच होतं: बांबू हा वृक्ष आहे. वनहक्क कायद्याच्या कलम २ मध्ये मात्र गौण वनोपजाच्या (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाच्या) व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. ग्रामसभेकडे ठराव, पत्रव्यवहार, पोच असं सगळं लावून ठेवलेलं होतं म्हणून ती दोन वर्षं टिकून राहिली. पट्टा (हक्काचा दाखला) मिळाला म्हणजे हक्क चालू झाला असं होत नाही. तो चालतो दप्तरावर, आणि ते दप्तर ग्रामसभेच्या ताब्यात हवं. संस्थेच्या कपाटात नको, ग्रामसेवकाच्याही नको.

पहिली पायरी: ग्रामसभा कोणाची? आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत चार-पाच गावं नि टोले असतात. गट ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत केलेला ठराव वनहक्कासाठी चालवू नका. ग्रामसभा महसुली गावाची किंवा टोल्या-पाड्याची असायला हवी. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने १२ जुलै २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे सांगितलं आहे. अनुसूचित क्षेत्रात पेसा (तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा) कायदाही तेच सांगतो.

दुसरी: कोरम. गावातल्या एकूण प्रौढ सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. गावात २४० प्रौढ असतील तर १२० जण, त्यांत ४० बाया. दाव्यावर ठराव असेल तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे हजर पाहिजेत.

तिसरी: वनहक्क समिती, म्हणजे दावे तपासायला ग्रामसभेने निवडलेली समिती. १० ते १५ सदस्य, दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, एक तृतीयांश बाया. १५ ची केली तर १० आदिवासी आणि किमान ५ बाया. समितीने आपल्यातून अध्यक्ष-सचिव निवडायचे आणि उपविभागीय समितीला (दावे तपासून अंतिम निर्णयासाठी जिल्हा समितीकडे पाठवणाऱ्या सरकारी समितीला) लेखी कळवायचं. हे कळवल्याची पोच नसेल तर पुढे कुणीतरी "ही समिती आमच्या नोंदीत नाही" म्हणतंच.

ठराव_वही

ठरावाच्या शब्दांवर लिहितो, कारण दावे परत येण्याचं मोठं कारण तिथेच असतं.

ठराव "सर्वानुमते मंजूर" एवढ्यावर संपवू नका. त्यात या गोष्टी हव्यातच: सभेची तारीख, वेळ, जागा, गावातले एकूण प्रौढ किती, हजर किती, त्यांत बाया किती (आकडे अंकी नि अक्षरी), विषय, कायद्याचं कलम, सूचक-अनुमोदक, निर्णय. मग खाली ठरावाच्याच पानावरून सह्या-अंगठे सुरू करायचे. बहुतेक गावं हजेरी वेगळ्या वहीत घेतात आणि ठराव वेगळ्या वहीत लिहितात. तपासणीत दोन्हींचा मेळ लागत नाही. अंगठा असेल तिथे शेजारी नाव लिहायचं आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या.

सामूहिक हक्कांचे फॉर्म दोन आहेत, बी आणि सी. बी मध्ये निस्तार (घरच्या गरजेपुरता जंगलाचा वापर), गौण वनोपज, चराई, मासेमारी असे वापराचे हक्क. सी मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन. अनेक गावांनी फक्त बी भरला, म्हणून त्यांना वापराचा हक्क मिळाला पण जंगल चालवायचा अधिकार पट्ट्यात आलाच नाही. दोन्ही भरा. कलम ३(२) च्या विकासकामांचं, म्हणजे अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी वगैरेंचं, प्रकरण तिसरंच. त्याला दर कामामागे एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत अशी अट आहे, आणि शिफारस ग्रामसभेची लागते.

सी फॉर्मसोबत गावातल्या सगळ्या सदस्यांची यादी जोडायची, प्रत्येकाच्या नावापुढे अनुसूचित जमाती की इतर पारंपरिक वननिवासी ते लिहून. इथे गावात भांडण लागतं की बिगर आदिवासींना घ्यायचं का. फॉर्मवरच टीप आहे: काही सदस्य अनुसूचित जमातीचे किंवा पारंपरिक वननिवासी असले तरी दाव्याला पुरेसं आहे. सामूहिक हक्क अख्ख्या गावाचा आहे.

पळसफूल

पुराव्यांबद्दल. किमान दोन पुरावे जोडायचे, पण चार-पाच असू द्या.

विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन कागद सोन्यासारखे. गावाला कुठल्या जंगलातून काय आणायची वहिवाट होती ते त्यात लिहिलेलं असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देऊन नक्कल मागा. अर्जात गावाचं जुनं नाव, तहसील नि जिल्हा लिहा. गडचिरोली जिल्हा १९८२ चा आहे, त्याआधीचे कागद चांदा (पुढे चंद्रपूर) जिल्ह्याच्या नावावर असतात, म्हणून नुसतं "गडचिरोली" लिहिलं की "अभिलेख उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. वनखात्याची कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचा आराखडा), जिल्ह्याचं गॅझेटियर, जुनी जनगणना पुस्तिका हेही चालतं.

पुरावा कागदीच लागतो असं नाही. देवराई, देवाचं ठाणं, मसणवट, जुनं गावठाण, गुरांचा गोठाण, पाणवठा, मोहाच्या झाडांची घराघरांत झालेली वाटणी, हे सगळं नियम १३ मध्ये बसतं. म्हाताऱ्या माणसांचं निवेदन लेखी घ्या. निवेदनात "फार पूर्वीपासून" असं मोघम नको. कुठल्या नाल्यापासून कुठल्या टेकडीपर्यंत, कोणत्या महिन्यात, काय आणायला, हे नावानिशी लिहा.

उपग्रह नकाशा मागितला जातो. तो नसेल म्हणून दावा नाकारता येत नाही. नियम १२-ए मध्ये साफ आहे की उपग्रह चित्र हे इतर पुराव्यांना पूरक असेल, त्यांची जागा घेणार नाही.

वैनगंगाकाठ

सीमेचा भाग मी लिहितो, सगळ्यात जास्त दावे तिथे अडकतात.

आधी गावात बसून जमिनीवर नकाशा काढा. खडू, राख, पानं, दगड, काहीही चालेल. म्हातारी माणसं आणि गुराखी पोरं दोघंही हवीत. पुरुषांचा नकाशा बांबू-लाकडावर थांबतो, बायांच्या नकाशात कंद, भाज्या, डिंक, सरपण, पाणी येतं. म्हणून बायांचा वेगळा काढून मग दोन्ही एकत्र करा. त्यावरून कागदावर, मग वनखात्याच्या बीट नकाशावर. प्रत्येक ठिकाणाला कक्ष क्रमांक (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या भागाचा क्रमांक) जोडा.

शेजारच्या गावांना आधी कळवायचं असतं. सीमा ठरवायचं काम कोणत्या तारखेला सुरू होणार ते लगतच्या ग्रामसभांना लेखी कळवा आणि पोच घ्या. वाद निघाला तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्या एकत्र बसतात नि निष्कर्ष लेखी देतात. तरी मिटलं नाही तर प्रकरण उपविभागीय समितीकडे. हे टाळलं तर पट्टा मिळाल्यावर तेंदूच्या हंगामात मारामाऱ्या होतात. दोन गावं एकच जंगल वापरत असतील तर सीमा तोडायची गरज नाही, सामाईक वापराचा उल्लेख दोन्ही दाव्यांत सारख्याच शब्दांत करा.

मग प्रत्यक्ष पडताळणी. तारीख ठरवून वन आणि महसूल दोन्ही खात्यांना पत्र द्या. सीमेवरून चालताना तीन वह्या सोबत असू द्या: एकीत जीपीएसचे अंश, दुसरीत खुणांचं वर्णन, तिसरीत हजर माणसांची नावं. वळण येईल तिथे बिंदू घ्या, सरळ रेषेत दर २००-३०० मीटरवर. मोबाईलवर घेतलेला बिंदू दाट झाडीत दहा-वीस मीटर सरकतो, म्हणून एका जागी दोन-तीन मिनिटं थांबून आकडा स्थिर होऊ द्या. खूण "मोठा दगड" अशी लिहू नका, दगडाचं गावातलं नाव लिहा.

साहेब आले नाहीत तर? १२-ए नुसार वन आणि महसूल अधिकाऱ्यांनी हजर राहून पदनाम, तारीख आणि अभिप्रायासह सही करायची आहे. ते न येता नंतर आक्षेप घेतला तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे येतो, आणि दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणूनच पहिल्या पत्राची पोच, पंचनाम्यात "सूचना देऊनही गैरहजर" ही ओळ, आणि दुसऱ्या पत्राची पोच या तीन कागदांना जपा.

सह्यकडा

रायगड-ठाण्याकडच्या वाड्यांसाठी विचारतो. आमच्याकडे कातकरी वाड्या मोठ्या गावाला जोडलेल्या आहेत, आणि बराच भाग अनुसूचित क्षेत्राबाहेर आहे. मोठ्या गावाच्या सभेत वाडीचा विषयच येत नाही. तिथे हे कसं लावायचं?

ठराव_वही

@सह्यकडा, वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही जसाच्या तसा लागू आहे. पेसा लागू नाही, एवढाच फरक. म्हणजे पेसाच्या नियमांतून मिळणारे अधिकार नाहीत, पण वनहक्कातून येणारी गौण वनोपजाची मालकी पूर्ण आहे.

वाडीची वेगळी सभा बोलवायचा अर्ज ग्रामपंचायतीला द्या, २०१२ च्या सूचनांचा हवाला देऊन, वाडीतल्या प्रौढांच्या सह्यांसह. एक प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना आणि एक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला. कातकरी हा विशेष असुरक्षित आदिवासी गट आहे, आणि अशा गटांना हक्क मिळतील हे पाहण्याची जबाबदारी नियमांनी जिल्हा समितीवर टाकली आहे. अर्जात हे वाक्य घाला. स्थलांतराचा विचार करून सभेची तारीख धरा. वीटभट्टीला माणसं दिवाळीनंतर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत सभा लावली की कोरम होत नाही आणि "वाडीला रस नाही" असा शेरा पडतो.

दप्तरदार

आता तेंदू, म्हणजे बिडीचं पान. पट्ट्यातून गावाला खरा पैसा दिसतो तो इथे, आणि फसवणूकही इथेच.

पेसा क्षेत्रात ग्रामसभेपुढे दोन पर्याय असतात. पर्याय १: वनखातं ग्रामसभेच्या वतीने लिलाव करतं. पर्याय २: ग्रामसभा स्वतः विक्री करते. पर्याय २ घ्यायचा तर ठराव हिवाळ्यातच करून कळवावा लागतो. एकेकट्या गावाकडे व्यापारी फिरकत नाही, दर पाडून मागतो. म्हणून ग्रामसभांनी संघ करून एकत्र निविदा काढायची. कोरची तालुक्यात ९० च्या आसपास ग्रामसभांची महाग्रामसभा उभी राहिली ती यासाठीच. संघाने फक्त सौदा करावा. पैसा संघाच्या खात्यात जमा न होता थेट त्या त्या ग्रामसभेच्या खात्यात यावा, हे करारातच लिहा.

माप: महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पानं, १००० पुड्यांची एक प्रमाणित गोणी. म्हणजे गोणीला ७०,००० पानं. छत्तीसगडच्या सीमेवरच्या गावांनी लक्ष ठेवावं, तिकडे पुडा ५० पानांचा. दरांची तुलना करताना हा फरक धरला नाही तर तिकडचा दर उगाच कमी वाटतो.

कामाचा क्रम: फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत बेलकटाई. झुडपं जमिनीलगत छाटायची म्हणजे नवी कोवळी फूट येते, आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पान तोडणीला येतं. एप्रिलअखेर तोडणी सुरू. पहाटे तोड, दुपारी घरी पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर (पुडे गोळा करून वाळवायच्या जागी) मोजणी. फळीवर पुडे ओळीने वाळत घालायचे, उलटायचे, वाळल्यावर पाणी शिंपडून मऊ करायचे आणि बोदात (मोठ्या पोत्यात) भरायचे. हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. अवकाळी पाऊस आला की पानावर डाग पडतात, व्यापारी माल नाकारतो. म्हणून फळीवरच्या मालाची जबाबदारी कोणत्या क्षणापासून व्यापाऱ्याची हे करारात हवं. मोजून घेतला त्या संध्याकाळपासून, असं लिहून घ्या.

मोजणीत काय होतं ते पाहा. मुंशी (पुडे मोजून घेणारा) व्यापाऱ्याचा असेल तर शेकड्यामागे चार पुडे जास्तीचे घेतो, "खराब निघतात" म्हणून. समजा गोणीला ६,००० रुपये दर ठरला आणि गावाच्या नावावर ५०० गोणी लागल्या. शेकड्याला चार म्हणजे २० गोणी फुकट, १,२०,००० रुपये. त्यामुळे फळीवरचा मुंशी ग्रामसभेने नेमावा, मजुरी ग्रामसभेने द्यावी. प्रत्येक घराला कार्ड, रोजची नोंद कार्डावर आणि फळीच्या वहीत दोन्हीकडे, त्याच वेळी. खराब पुडा बाजूला काढायचा तर तो तोडणाऱ्या बाईच्या समोर काढायचा आणि तिला परत द्यायचा.

पैसा: बयाणा करारावेळी. त्यानंतरचे हप्ते तोडणी सुरू होण्याआधी, अर्धा माल भरल्यावर, आणि शेवटचा माल उचलण्याआधी. शेवटचा हप्ता खात्यात दिसल्याशिवाय वाहतूक परवाना फाडायचा नाही. परवाना हीच ग्रामसभेच्या हातातली किल्ली आहे. माल गोदामात गेला की गावाला वकील लावत फिरावं लागतं. धनादेश घेऊन परवाना देणं हेही उधारीच.

सगळ्यात चढ्या बोलीला भुलू नका. २०१७ ला दर विक्रमी चढले. त्याच वर्षी जुलैपासून तेंदूपानावर १८ टक्के आणि बिडीवर २८ टक्के जीएसटी आला, आणि २०१८ ला अनेक ठिकाणी व्यापारीच फिरकले नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून पानावरचा कर ५ टक्के आणि फेब्रुवारी २०२६ पासून बिडीवरचा १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या कराराचा मसुदा वापरत असाल तर ते कलम सुधारा, आणि बोली करासह की करावेगळी ते निविदेत छापा.

मोहटोला

दप्तरदारांनी लिहिलेलं व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर आहे. पण तेंदू हाच मार्ग असं वाचणाऱ्याला वाटू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाले, आणि ग्रामसभेने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. तेंदूसाठी जंगलाला आग लावली जाते, झाडं छाटली जातात, आणि शेवटी ते पान बिडीतच जातं. टेंभरं (तेंदूची फळं) पाखरांना नि पोरांना राहू द्यावीत, उत्पन्न बांबूतून काढावं, असा त्यांचा निर्णय. त्यांनी तो निभावून दाखवला.

आगीचं म्हणाल तर मोहाखालीही तेच होतं. मार्चमध्ये फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि ती आग जंगलात शिरते. झाडून काढणं किंवा झाडाखाली जाळी बांधणं हा उपाय आहे. जाळी बांधली तर फुलाला माती लागत नाही, भावही बरा मिळतो. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ ठेवलेले पट्टे) फेब्रुवारी संपायच्या आत साफ झाल्या पाहिजेत, आणि गस्तीची पाळी घरागणिक लावावी.

दप्तरदार

@मोहटोला, मान्य. फक्त पाचगावकडे बांबू भरपूर आहे. ज्या गावाच्या जंगलात बांबू नाही आणि मे महिन्यात हाताला दुसरं काम नाही, तिथे तेंदू सोडायला सांगणं म्हणजे त्या घरांचा खरिपाचा खर्च काढून घेणं. आग न लावता बेलकटाई करता येते, आणि तसा ठराव अनेक ग्रामसभांनी केला आहे. जिथे बंदी करायची तिथे ती गावाने ठरवावी. बाहेरच्या संस्थेने तो आग्रह धरू नये.

मोहटोला

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. मेंढ्यात निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतात, आणि त्याआधी अभ्यास गटात विषय चघळला जातो. संस्थेचं काम त्या अभ्यास गटापर्यंत माहिती पोचवायचं.

बांबूचं थोडक्यात: तोडणी १ ऑक्टोबरनंतर, पावसाळ्यात अजिबात नाही, कारण तेव्हा वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) फुटत असतात. रांजीतला (बांबूच्या बेटातला) एक आणि दोन वर्षांचा बांबू ठेवायचा, तीन वर्षांवरचा तोडायचा. जुना बांबू रांजीच्या मधोमध असतो, तिथे पोचायला एका बाजूने वाट करायची आणि घोड्याच्या नालेसारखा आकार ठेवत आत जायचं. कडेचा ताजा बांबू सोपा म्हणून तोडला की रांजी बसते. तोड जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर, पेराच्या लगेच वर, म्हणजे खुंटात पाणी साचून कुजत नाही. प्रत्येक रांजीत किमान आठ-दहा बांबू उभे ठेवायचे. जंगलाचे तीन-चार भाग पाडून दर वर्षी एकाच भागात तोडणी. मजुरी नगावर ठरवली की माणूस कडेचाच बांबू तोडतो, म्हणून मजुरीत रांजी साफ करण्याचा वेगळा दर ठेवा.

पळसफूल

बायांच्या सहभागावर कुणी लिहिलं नाही. एक तृतीयांश ही अट सही घेऊन पूर्ण होते, बाई बोलली असं त्यातून होत नाही. सभेची वेळ ठरवताना सकाळी दहा म्हटलं की बाया सरपण-पाण्यात असतात. रात्री जेवणं उरकल्यावर किंवा बाजाराचा दिवस सोडून दुपारी ठेवा. बायांची बैठक आदल्या दिवशी घ्या आणि त्यांचे मुद्दे विषयपत्रिकेत क्रमांक देऊन लिहा, मग ते टाळता येत नाहीत.

तेंदूची मजुरी घरातल्या पुरुषाच्या खात्यात जाते हा खरा प्रश्न. कार्ड तोडणाऱ्या बाईच्या नावावर काढा आणि बँक खातंही तिचंच जोडा. विधवा आणि परित्यक्ता बायांना वेगळं घर धरून वेगळं कार्ड द्या, सासऱ्याच्या कार्डात घालू नका. वैयक्तिक पट्ट्यात तर कायदाच सांगतो की विवाहित असल्यास पती-पत्नी दोघांचं नाव हवं.

वैनगंगाकाठ

पट्टा हातात आल्यावर लगेच काय वाचायचं:

पट्टा ग्रामसभेच्या नावावर आहे का. वनहक्क समितीच्या, संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या किंवा सरपंचाच्या नावावर असेल तर दुरुस्ती मागा. क्षेत्र दाव्याइतकं आहे का. कमी केलं असेल तर जिल्हा समितीने सविस्तर लेखी कारणं द्यायला हवीत. "कार्य आयोजनेनुसार" किंवा "वनखात्याच्या परवानगीने" अशा अटी घातल्यात का. कायद्यात अशा अटी नाहीत. कक्ष क्रमांक बरोबर आहेत का, नकाशा जोडलाय का. पट्ट्यानंतर तीन महिन्यांच्या आत वन आणि महसूल अभिलेखात नोंद व्हायला हवी. ती झाली का हे तलाठ्याकडे जाऊन पाहायचं, होईल म्हणून थांबायचं नाही.

मग ग्रामसभेने नियम ४ खालची संरक्षण समिती नेमायची. व्यवस्थापन आराखडा तिने करायचा आणि वाहतूक परवानेही तीच, किंवा ग्रामसभा नेमेल ती व्यक्ती, देते. नियम २ सांगतो की गौण वनोपजाच्या गोळा करण्यावर कुठलीही रॉयल्टी, फी किंवा आकार नाही. २००८ च्या नियमांत डोईवर, सायकलवर, हातगाडीवर वाहून नेणं एवढंच होतं. २०१२ पासून योग्य त्या कुठल्याही वाहनाने नेता येतं. ट्रक अडवला तर नाक्यावर दाखवायला या नियमाची प्रत चालकाकडे द्या.

आराखड्यासाठी मंत्रालयाच्या १२ सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. आराखडा गावाला वाचता येईल असा करा. सल्लागाराने करून दिलेला दोनशे पानांचा आराखडा बंद पेटीतच राहतो.

सह्यकडा

आणि दावा पाठवून वर्षं झाली, काहीच उत्तर नाही, अशा गावांनी काय करायचं? नाकारला म्हणून कळवतही नाहीत.

ठराव_वही

आधी स्थिती लेखी काढा. माहितीच्या अधिकारात उपविभागीय कार्यालयाकडे: दावा कोणत्या तारखेला मिळाला, कोणत्या बैठकीत ठेवला, त्या बैठकीचं इतिवृत्त, आणि निर्णयाची प्रत. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ, तीस दिवसांत उत्तर.

उत्तरात "अपूर्ण म्हणून नामंजूर" असं आलं तर तेच हत्यार आहे. १२-ए प्रमाणे दावा अपूर्ण वाटला तर वरच्या समितीने तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो, नाकारायचा नसतो. निर्णय कळल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे अपील. निर्णय कधी कळला हे सिद्ध करणारा कागद, म्हणजे माहिती अधिकाराच्या उत्तराचा लिफाफा, टाकून देऊ नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का मुदतीच्या वादात कामी येतो. जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून विभागीय समितीकडेही दाद मागता येते.

दावाच मागवला नाही अशा गावांसाठी १२-बी वापरा. वननिवासी असलेल्या प्रत्येक गावाचा सामूहिक हक्क मान्य होईल हे पाहणं जिल्हा समितीचं काम आहे, आणि झाला नसेल तर समितीच्या सचिवाने कारणं नोंदवायची आहेत. ती नोंद मागा. शेवटचा उपाय कलम ७-८: ग्रामसभा ठराव करून राज्यस्तरीय सनियंत्रण समितीला साठ दिवसांची नोटीस देऊ शकते. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम ४(५) नुसार कुणालाही हुसकावता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर दावेदारांना काढण्याचा आदेश दिला होता, त्याला त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्थगिती मिळाली. जुन्या बातमीचं कात्रण दाखवून कुणी धमकावत असेल तर हे सांगा.

दप्तरदार

पैशाच्या दप्तराबद्दल विचारणा येते म्हणून एकदाच लिहितो. ग्रामसभेच्या नावाने बँक खातं, तीन सह्या, त्यांतली एक बाईची, आणि पैसे काढायला दोन पुरेशा पण त्यात बाईची सही हवीच. सरपंच किंवा ग्रामसेवक सहीदार नकोत. ग्रामसभेचं पॅन कार्ड काढा, नाहीतर व्यापारी कर जास्त दराने कापतो आणि परतावा मागायला जागा राहत नाही. दर वर्षी सनदी लेखापालाकडून तपासणी, आणि अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचायचा.

वह्या सात: इतिवृत्त, हजेरी (ठरावाखालच्या सह्या मात्र ठरावाच्याच पानावर), रोकड वही, खतावणी, पावती पुस्तक, साठा नोंदवही, आवक-जावक. तेंदूच्या हंगामात आठवी, फळीची. तिचे रकाने असे ठेवा: तारीख, कार्ड क्रमांक, तोडणाऱ्याचं नाव, आणलेले पुडे, परत दिलेले पुडे, स्वीकारलेले पुडे, आजवरची बेरीज, तोडणाऱ्याची सही, मुंशीची सही. "परत दिलेले" हा रकाना व्यापाऱ्याचा माणूस नको म्हणतो. तोच ठेवायचा. रोज रात्री पानाच्या तळाशी बेरीज करून समितीतल्या दोघांनी सही करायची, आणि पानाचा फोटो गावाच्या गटावर टाकायचा.

सह्यकडा

साठा नोंदवहीचे रकानेही द्याल का? बांबूसाठी.

दप्तरदार

तारीख, जंगलाचा भाग नि कक्ष क्रमांक, तोडलेले नग लांबीप्रमाणे, आगारात आलेले नग, फुटलेले-वाकडे, गावातल्या वापराला दिलेले (घराचं नाव), विकलेले, परवाना क्रमांक, गाडी क्रमांक, शिल्लक. गावातल्या वापराला दिलेला बांबू लिहायचं राहून जातं, आणि मग शिल्लक जुळत नाही.

मोहटोला

यात एक रकाना वाढवा: त्या भागात किती रांज्यांतून तोड झाली. तीन-चार वर्षांनी पाळी परत त्याच भागावर येते तेव्हा नगांची तुलना रांजीमागे करता येते. नग वाढले की घटले हे त्याशिवाय कळत नाही.